पाढा, कोष्टक आणि कोरा कागद

प्रवेश परीक्षेच्या सकाळी परीक्षागृहाच्या दारात उमेदवाराची झडती होते. मनगटावरचे घड्याळ, खिशातला मोबाइल, दप्तरातले गणकयंत्र, सारे बाहेर ठेवावे लागते. आत जाताना त्याच्याजवळ उरते ते एक साधे पेन, आणि आत गेल्यावर हाती पडतात ते कच्च्या कामासाठी दिलेले कोरे कागद. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या संयुक्त प्रवेश परीक्षेत प्रश्न आता संगणकाच्या पडद्यावर उमटतात. २०१८ पासून तिचा वरचा टप्पाही संगणकावरच होतो. समोर संगणक आहे, पण त्याच्याकडून साधा गुणाकारसुद्धा करून घ्यावयाचा नाही, असा हा विलक्षण प्रसंग आहे. बाहेर झाडाच्या सावलीत थांबलेल्या पालकांच्या मनात मग एक प्रश्न येतोच. जे काम यंत्र क्षणात करते, ते मुलांकडून हाताने करवून घेण्यात शहाणपण कोणते?

प्रश्न आजचा वाटला तरी तो फार जुना आहे. हिशेबाचे नवे साधन जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा डोक्यात काय ठेवावयाचे आणि साधनावर काय सोपवावयाचे, हा वाद नव्याने उभा राहिला. मराठी मुलखातील गणिताच्या शिक्षणापुरते पाहिले तरी या वादाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात: पाठांतराचा, कोष्टकांचा आणि यंत्राचा. प्रत्येक टप्प्यात हरपले ते काय आणि टिकून राहिले ते काय, हे पाहिले म्हणजे त्या कोऱ्या कागदाचा अर्थ उलगडू लागतो.

पहिला टप्पा पंतोजींच्या शाळेचा. १८२० ते १८३० या दशकात मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी पाहणी झाली, तिच्यातून या शाळांचे चित्र हाती येते. छापील पुस्तक जवळजवळ नाहीच. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात मुले जमत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी वाचावयास शिकत, आणि दिवसाचा मोठा भाग हिशेबात घालवीत. पाढे तीसपर्यंत पाठ करावयाचे हे तर खरेच. पण त्यांच्या पाठोपाठ अपूर्णांकांचे पाढे येत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे संध्याकाळच्या उजळणीत एका सुरात म्हटले जात. सात पावके पावणेदोन, सात निमके साडेतीन, आठ औटके अठ्ठावीस.

या घोकंपट्टीची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु तिच्यामागे व्यवहार होता, हे विसरून चालणार नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराची सोळा छटाके. सारी मापे अर्ध्या-पावाच्या हिशेबाने विभागलेली. शेराला सव्वा रुपया भाव असेल तर बारा शेरांचे पंधरा रुपये, हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला एकाच क्षणी ठाऊक असावे लागे. ज्याची सवायकी कच्ची, तो बाजारात ठकला जाई. पाठांतर हे त्या काळी गरिबाचे संरक्षण होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनेमापे येऊ घातली, आणि पावकी-औटकीच्या पायाखालची जमीनच सरकली. पाढे राहिले, पण अपूर्णांकांचे ते सुरेल पाढे एका पिढीच्या अवधीत आजोबांच्या आठवणीत जमा झाले.

तथापि, मराठी मुलखाची गणिताची परंपरा केवळ पाठांतराची आहे असे समजणे हा तिच्यावर अन्याय होईल. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी यांनी प्रकाशात आणला. ज्या ग्रंथांसाठी हा मठ निघाला, त्यांपैकी ‘लीलावती’ हा इसवी सन ११५० च्या सुमाराचा. त्यात गुणाकाराचे एक उदाहरण आहे: १३५ ला १२ ने गुणावयाचे. उत्तर १६२० येते, आणि ते कोणालाही काढता येईल. भास्कराचार्यांचे वैशिष्ट्य असे की एवढ्याशा उदाहरणाला ते अनेक वाटा दाखवितात. बाराची ८ आणि ४ अशी फोड करावी, दोन्हींनी गुणून बेरीज घ्यावी. किंवा बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी एकाने आणि मग दुसऱ्याने गुणावे. किंवा दहाने गुणून १३५० मिळवावेत आणि त्यात दुप्पट, म्हणजे २७०, घालावेत. किंवा उलट बाराऐवजी विसाने गुणून २७०० करावेत आणि त्यातून आठपट, म्हणजे १०८०, वजा करावेत.

वाटा अनेक, मुक्काम एक. पाढा म्हणणाऱ्या मुलाला उत्तर ठाऊक असते. या वाटा पाहिलेल्या मुलाला संख्येची घडण ठाऊक होते. कोणत्या प्रसंगी कोणती वाट सोपी, हे ठरविणे हा विचाराचा भाग आहे. बीजगणिताचे बीज अक्षरचिन्हांत नसून बुद्धीत आहे, असा भास्कराचार्यांचाच अभिप्राय आहे. यंत्रावाचून परीक्षेची तयारी करणाऱ्याला याहून जुना आणि याहून उपयुक्त धडा सापडणे कठीण.

दुसरा टप्पा युरोपातून आला. स्कॉटलंडमधील जॉन नेपियर याने १६१४ मध्ये लॉगॅरिथमची कल्पना प्रसिद्ध केली, आणि १६१७ मध्ये हेन्री ब्रिग्ज याने एकपासून हजारपर्यंतच्या संख्यांचे दशमान लॉग चौदा स्थळांपर्यंत छापले. कल्पना अशी की प्रत्येक संख्येला एक सोबतीची संख्या नेमून द्यावयाची, आणि मूळ संख्यांचा गुणाकार करण्याऐवजी सोबत्यांची फक्त बेरीज करावयाची. भागाकाराच्या जागी वजाबाकी येते, वर्गमूळ काढावयाचे तर निम्मे केले की पुरे. ज्योतिषी, नाविक आणि भूमापक यांचे कष्ट या एका युक्तीने विलक्षण हलके झाले. नेपियरनंतर काही वर्षांतच विल्यम ऑट्रेड याने हीच युक्ती सरकत्या पट्टीवर उतरविली. ती सरकपट्टी पुढे साडेतीनशे वर्षे अभियंत्याच्या हातात राहिली.

इंग्रजी शिक्षणाबरोबर लॉगची पुस्तिका आपल्या शाळा-महाविद्यालयांत आली आणि विद्यार्थ्याच्या हाताला नवे वळण लागले. पण कोष्टक आले म्हणून डोके मोकळे झाले नाही. कोष्टकात मिळतो तो केवळ अपूर्णांकी भाग. दशांशचिन्हाची जागा विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाची असते. उत्तर सत्तर यावयाचे की सात हजार, हा अजमास ज्याला नाही, त्याला कोष्टक तारू शकत नाही. उलट ज्याला अजमास आहे त्याचे काम दोन-तीन आकड्यांवरही भागते. दोनचा लॉग ०.३०१० आणि तीनचा ०.४७७१ एवढे लक्षात असले की पाचचा, सहाचा, बाराचा लॉग घरबसल्या निघतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जाण्याची कथा सर्वांना माहीत आहे. त्या दुपटींतून येणारी २ चा ६४ वा घात ही संख्या किती अंकी असेल? चौसष्टाला ०.३०१० ने गुणले की १९.२६ येतात, म्हणजे संख्या वीस अंकी. एक ओळीचे काम, आणि एवढ्यात एका प्रचंड राशीचे माप हाती लागते.

महाराष्ट्रात हे कोष्टक अजून इतिहासजमा झालेले नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. बारावीच्या शास्त्र शाखेच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगचे कोष्टक वापरण्यास परवानगी असल्याची आणि गणकयंत्र वापरण्यास मनाई असल्याची सूचना छापलेली आढळते. म्हणजे ब्रिग्जचा वारसा घेऊन मुलगा एका परीक्षेस बसतो, आणि काही आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्या परीक्षेस तोही वारसा दाराबाहेर ठेवून जातो.

परीक्षेसाठी गणिताची तयारी हा विषय निघाला की मराठी माणसाला रँग्लर परांजप्यांचे नाव आठवल्यावाचून राहत नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ मध्ये कोकणात मुर्डी येथे झाला. ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात गणिताला मोठा मान होता. टिळक तेथे गणित शिकवीत. गोखल्यांनीही ते शिकविले आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. १८९१ पासून धोंडो केशव कर्वे गणिताचे प्राध्यापक झाले. परांजपे १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मायदेशी परतून त्यांनी फर्ग्युसनचे प्राचार्यपद दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले.

या यशाचे कौतुक रास्तच होते. पण ट्रायपॉसची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ही काही प्रवेश परीक्षा नव्हती. तरी मानमरातबाच्या दाराची किल्ली तिच्याच हाती असल्याने तिने प्रवेश परीक्षेचे सारे गुणदोष धारण केले होते. अनेक दिवस चालणाऱ्या प्रश्नपत्रिका, वेळेच्या मानाने फार जास्त उदाहरणे, आणि शेवटी गुणानुक्रमे जाहीर होणारी यादी. अशा परीक्षेत खोलीपेक्षा वेगाला भाव येतो. वेग शिकविण्यासाठी खासगी शिकवण्यांचा धंदा केंब्रिजमध्ये भरभराटीस आला होता. एडवर्ड राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून सत्तावीस सीनियर रँग्लर बाहेर पडले. परांजप्यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, चौथा क्रमांक मिळविणारे जी. एच. हार्डी हे पुढे या पद्धतीचे कडवे टीकाकार झाले. इंग्लंडातील गणित या शर्यतीमुळे युरोपच्या मागे पडले, असे त्यांचे मत होते. १९०९ नंतर गुणानुक्रमाची ती यादी बंद झाली.

ज्या हार्डींनी परीक्षेवर टीका केली, त्यांच्याच हातून परीक्षेने नाकारलेला एक गणिती जगापुढे आला. श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती कुंभकोणम येथे लहान वयात जे पुस्तक पडले, ते जॉर्ज कार या खासगी शिकवणी करणाऱ्या इंग्रज शिक्षकाने रचलेले होते. त्यात सुमारे ५,००० सूत्रे ओळीने मांडली होती, सिद्धता बहुतेक नाहीतच. परीक्षार्थींच्या सोयीसाठी निघालेल्या या संग्रहातून रामानुजन यांनी सूत्रे घोकली नाहीत. ती स्वतः सिद्ध करीत गेले आणि त्यांच्या पलीकडे पोचले. आणि महाविद्यालयीन परीक्षेत मात्र इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने नापास झाले. एकाच पुस्तकाने इतरांना गुण दिले आणि यांना गणित दिले. तयारी कशाची करावयाची, हा प्रश्न यापेक्षा धारदारपणे क्वचितच उभा राहिला असेल.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न शेकड्यांचा न राहता लक्षावधींचा झाला. खरगपूरची तंत्रज्ञान संस्था १९५१ मध्ये निघाली, पवईची १९५८ मध्ये; १९५९ मध्ये मद्रास व कानपूर आणि १९६१ मध्ये दिल्ली येथील संस्थांची भर पडली. या संस्थांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि तिच्यातील गणिताच्या प्रश्नपत्रिकेचा दरारा देशभर पसरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तिसरा टप्पा आला. १९७२ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारे पहिले वैज्ञानिक गणकयंत्र बाजारात आले. किंमत ३९५ डॉलर. सरकपट्टीचे राज्य काही वर्षांत संपले. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या तेव्हाच्या भारतात असे यंत्र श्रीमंताघरची वस्तू होती. यंत्राला परीक्षेत मोकळीक दिली असती, तर परीक्षा मुलाच्या बुद्धीची न होता बापाच्या मिळकतीची झाली असती.

आज यंत्र स्वस्त झाले आहे; तेव्हा हे कारण एकटे पुरेसे नाही. जगाचाही याबाबत एकमताने निर्णय झालेला नाही. अमेरिकेतील सॅट या प्रवेश परीक्षेने १९९४ मध्ये गणकयंत्रास परवानगी दिली, २०१६ मध्ये यंत्राविना सोडवावयाचा वेगळा विभाग ठेवला, आणि २०२४ मध्ये परीक्षा संगणकावर नेताना तो विभाग काढून टाकून यंत्र पडद्यावरच दिले. इंग्लंडने उलट २०१४ मध्ये प्राथमिक शाळेच्या अखेरच्या चाचणीतून गणकयंत्र बाहेर काढले. भारतातही अभियांत्रिकी पदवीधरांच्या गेट परीक्षेत पडद्यावर गणकयंत्र मिळते, बारावीनंतरच्या संयुक्त परीक्षेत मिळत नाही. या दुजाभावात एक तर्क आहे. पदवीधराला खऱ्या पुलाचे, खऱ्या यंत्राचे ओबडधोबड आकडे हाताळावयाचे असतात. बारावीच्या मुलाची कसोटी त्याला गणिती रचना दिसते की नाही, याची असते.

याचे एक उदाहरण घेतले म्हणजे तर्क स्पष्ट होईल. प्रवेश परीक्षेच्या तयारीत पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेला हा प्रश्न आहे. एकीकडे ९९ आणि १०० यांच्या पन्नासाव्या घातांची बेरीज. दुसरीकडे एकट्या १०१ चा पन्नासावा घात. मोठे कोण? गणकयंत्र जवळ असलेला मुलगा आकडे दाबील आणि फसेल. शंभराचा पन्नासावा घात म्हणजे एकावर शंभर शून्ये. नेहमीचे खिशातले यंत्र एवढी संख्या धरू शकत नाही आणि चूक झाल्याची खूण दाखवून गप्प बसते. ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याला थांबून पाहणे भाग आहे, आणि पाहिले की दिसते: १०१ म्हणजे शंभर अधिक एक, ९९ म्हणजे शंभर उणे एक. दोघांचे पन्नासावे घात द्विपद सिद्धांताने विस्तारून एकातून दुसरा वजा केला की निम्मी पदे परस्पर नाहीशी होतात आणि उरलेली दुप्पट होतात. उरलेल्यांतील पहिलेच पद, दोन गुणिले पन्नास गुणिले शंभराचा एकोणपन्नासावा घात, नेमके शंभराच्या पन्नासाव्या घाताएवढे भरते. शिवाय पुढची धन पदे शिल्लक राहतातच. म्हणून १०१ चा पक्ष जड. चार ओळींचे काम. बाराची आठ आणि चार अशी फोड करणाऱ्या ‘लीलावती’च्या दृष्टीचाच हा विस्तार आहे.

यंत्राविना तयारी म्हणजे स्वतः यंत्र बनणे, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ‘वैदिक गणित’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे उपलब्ध वैदिक वाङ्मयात आढळत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परंतु वेगाने आकडेमोड करण्याच्या त्यातील युक्त्या प्रवेश परीक्षांच्या वर्गांतून खूप चालल्या. ९८ गुणिले ९७ हा गुणाकार त्या रीतीने चटकन ९५०६ येतो. त्यामागे शंभर उणे दोन आणि शंभर उणे तीन यांचे साधे बीजगणित आहे. ते समजले तर युक्ती मुलाची स्वतःची होते आणि नव्या प्रसंगी वळवता येते. न समजता पाठ केली तर ती औटकीसारखीच, फक्त औटकीला बाजार होता, हिला तेवढाही नाही.

खरी तयारी साध्या सवयींत आहे, आणि त्या सवयी जुन्या शिक्षकांना चांगल्या ठाऊक होत्या. उत्तर काढण्यापूर्वी ते सुमारे किती येईल हे मनाशी ठरवावयाचे. गुणण्याआधी काटावयाचे: ४८ गुणिले ७५ भागिले ३६ गुणिले २५ असे समोर आले, तर दोन मोठे गुणाकार करू नयेत, पंचाहत्तरात पंचवीस तिनदा, छत्तीस आणि अठ्ठेचाळीस यांचे प्रमाण तिनास चार, उत्तर चार. जवळची ओळखीची संख्या शोधावयाची: पन्नासाचे वर्गमूळ हवे असेल तर शेजारी एकोणपन्नास उभा आहे; सातात एक चौदांश मिळविला की ७.०७१ हाती येतात, आणि खरे मूळही तिसऱ्या स्थळापर्यंत तेच. शेवटी ताळा पाहावयाचा. ४७ गुणिले ८६ बरोबर ४०४२. सत्तेचाळिसातील अंकांची बेरीज अकरा, म्हणजे दोन. शहाऐंशीची चौदा, म्हणजे पाच. दोन पाचे दहा, म्हणजे एक. उत्तरातील अंकांची बेरीजही दहा, म्हणजे एक. ताळा जुळला. अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती या ताळ्याने पकडली जात नाही, हेही शिकविले पाहिजे. कारण आपल्या साधनाची मर्यादा माहीत असणे हाही गणिताचाच भाग आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांवरही यातून एक जबाबदारी येते. ज्या परीक्षेत यंत्र नाही, तिच्यातील आकडे यंत्राविना हाताळण्याजोगे असले पाहिजेत. लॉगची गरज पडली तर त्याचे मूल्य प्रश्नातच छापण्याची प्रथा याच विवेकातून आली आहे. जेथे हा विवेक सुटतो आणि केवळ लांबलचक भागाकारांत मुलांना गुंतविले जाते, तेथे ट्रायपॉसचा जुना दोष परत येतो: वेगवान पुढे जातो, विचारी मागे राहतो.

आणि दाराबाहेर यंत्र ठेवले म्हणून सारी विषमता दाराबाहेर राहत नाही. राउथच्या खोलीची जागा आज कोट्यातील आणि लातुरातील शिकवणी वर्गांनी घेतली आहे, आणि त्या वर्गांची फी गणकयंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. संयुक्त परीक्षेचा पहिला टप्पा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत घेतला जाऊ लागला. वरच्या टप्प्याची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत निघत आली आहे. दापोलीच्या किंवा चाळीसगावच्या शाळेत मराठीतून गणित शिकलेल्या मुलीला आकड्यांखेरीज आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. कोरा कागद सर्वांना सारखा मिळतो. त्या कागदापर्यंत येण्याची वाट अजून सारखी नाही.

म्हणून यंत्र असावे की नसावे, एवढ्यावर हा विषय संपत नाही. पंतोजींच्या शाळेने पाठांतर दिले, ते बाजाराबरोबर गेले. ब्रिग्जच्या कोष्टकाने कष्ट वाचविले, ते यंत्राबरोबर मागे पडले. १३५ ला १२ ने गुणावयाच्या अनेक वाटा मात्र आजही तशाच खुल्या आहेत. त्या दाखविण्यास मोठे वर्ग लागत नाहीत, फी लागत नाही. उत्तर बरोबर आल्यावरही ‘दुसऱ्या रीतीने येईल का?’ असे विचारणारा एक शिक्षक गावच्या शाळेत असला, तर परीक्षागृहाच्या दारात सारे काढून ठेवल्यानंतरही त्या मुलाजवळ पुष्कळ काही उरलेले असते.